दयाळ, चिचुंदरी आणि घरत सर

घरत सरांच्या वर्षाच्या पहिल्या तासाला फळ्यावर दोनच शब्द असत. डाव्या हाताला 'दयाळ', उजव्या हाताला 'चिचुंदरी', आणि मधोमध वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ. पनवेलच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला येणारी मुलं बहुतेक डॉक्टरकी हुकलेली. पडलेल्या चेहऱ्यांनी येऊन बसत. सर त्यांना विचारत, या दोघांपैकी काय व्हायला आवडेल? सगळा वर्ग दयाळ पक्ष्याच्या बाजूने जाई. चिचुंदरीचं नाव निघालं की मागच्या बाकांवर हसू फुटे आणि पुढच्या बाकांवरच्या मुली नाक मुरडत.

मग सर खडू मुलांच्या हातात देऊन तुलना लिहायला सांगत. चांगलं, वाईट, सुंदर, घाण हे शब्द फळ्यावर येता कामा नयेत, एवढीच अट. हळूहळू रेघेच्या दोन्ही बाजू भरू लागत. वजन जवळजवळ सारखं, मुठीत मावेल एवढं. खाणं सारखं, किडे, झुरळं, गांडुळं. दोघंही माणसाच्या भिंतीच्या आधाराने राहतात, एक भिंतीतल्या भोकात, दुसरी भिंतीच्या बुडाशी. दयाळ पहाटे उंच जागी बसून गातो. इथवर आलं की मुलं अडखळत. चिचुंदरी काय करते? कुणीतरी धीर करून लिहीच, 'घाण वास सोडते.' सर उठत आणि त्यातला 'घाण' एवढाच शब्द बोटाने पुसत.

"घाण कुणाला? तुम्हाला. तिला तो तिचा पत्ता आहे. दयाळ गातो म्हणजे काय सांगतो? मी इथे आहे, ही जागा माझी. चिचुंदरी भिंतीला अंग घासत जाते आणि तेच सांगते. वाक्य एकच. एकाचं आपल्याला गोड लागतं म्हणून त्याला गाणं म्हणायचं, आणि दुसरीच्या मागे केरसुणी घेऊन लागायचं."

तास संपताना ते सांगत, तुलना करायची तर आधी दोन्ही खुर्च्या सारख्या उंचीच्या मांडा. मग बसवा दोघांना. आणि पाहून झालं की जे पाहिलं तेवढंच बोला.

हा तास मी त्यांच्या वर्गाच्या दारात उभी राहून कितीतरी वेळा ऐकला. मी साताऱ्याकडची. लग्न होऊन नवीन पनवेलला आले आणि सरांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकवायला लागले. त्या नोकरीमागे काय घडलं होतं ते मला नंतर कळलं. ते पुढे येईलच.

सर मूळचे खाडीकाठच्या एका गावचे, आगरी घरातले. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातली, शब्दन् शब्द सुटा. पण गावाकडून फोन आला की स्टाफरूमच्या खिडकीशी उभे राहून ते 'हाय', 'नाय', 'आमी येतो' करू लागत, आणि आवाजही चढे, पलीकडचा माणूस खाडीच्या दुसऱ्या काठावर उभा असल्यासारखा. फोन ठेवला की पुन्हा पुस्तकी. या दोन बोलींचं त्यांना अवघडलेपण नव्हतं आणि अप्रूपही नव्हतं. डब्यात तांदळाची भाकरी आणि बहुधा सुकट. वासाने सुरुवातीला कुणी खिडकी उघडली, कुणी डबा घेऊन दुसऱ्या खोलीत गेलं. सर आपले चावून चावून जेवत राहिले. वर्षा-दोन वर्षांत खिडकी उघडणाऱ्यांपैकीच एक जण भाकरीचा तुकडा मोडून मागू लागले.

विशेषणं वापरायची नाहीत ही अट त्यांनी स्वतःलाही घालून घेतली होती. माझी मुलगी शाळेच्या कार्यक्रमात पहिल्यांदा गायली तेव्हा मी त्यांना आवर्जून बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, दोन ठिकाणी श्वास चुकला, शेवटचं कडवं मागची पोरंसुद्धा गप्प बसून ऐकत होती. मला तेव्हा राग आला. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक कुणालाच मिळालेलं नाही हे समजायला मला काही काळ लागला.

कॉलेजच्या गच्चीवर डिश अँटेनाच्या दांडीवर एक दयाळ येऊन बसे. उन्हाळ्याच्या तोंडाला तो गायला लागला की सर चालू वाक्य अर्ध्यावर सोडून थांबत. मुलं घड्याळाकडे बघत. पोर्शन राहिलेला असे. सर म्हणत, त्याचं होऊ दे, मग माझं.

सरांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी शांताबाई एका शाळेत शिकवत. दोघांचा सगळा जीव सरांच्या पुतण्यावर होता, रोहिदासवर. आणि त्याच्यामागे उभी असलेली जी बाई, ती सरांच्या आयुष्यात सगळ्यांच्या वर होती. अनुसया, त्यांची थोरली वहिनी.

सरांचे आईवडील ते लहान असतानाच गेले. थोरला भाऊ मिठागरावर कामाला होता. तोही तापाने गेला तेव्हा रोहिदास वहिनीच्या मांडीवर होता आणि सर शाळेत. गावाने सांगितलं, दिराला आता शाळेतून काढ, मिठागरावर लाव, दोन हात होतील. वहिनीने ऐकलं नाही. मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहून तिने दिराला शिकवलं. मिठाच्या पाण्याने तिच्या टाचांना पडलेल्या भेगा कायमच्या राहिल्या. सर एम.एस्सी. झाले, कॉलेजात लागले, आणि त्यांनी तेच ऋण त्याच वाटेने फेडायचं ठरवलं. रोहिदासला त्यांनी पनवेलला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि प्राणिशास्त्रातच एम.एस्सी. केलं. गावात सगळे धरून चालले होते की काकाच्या कॉलेजात जागा निघाली की पुतण्या तिथे लागणार. त्या भागातल्या लोकांच्या जमिनी प्रकल्पांत गेलेल्या. आपल्या पोरांना नोकऱ्या मिळाव्यात ही मागणी तिथे प्रत्येक घराची होती, आणि त्यात गैर काही नव्हतं.

जागा निघाली. शेवटी दोन उमेदवार उरले, रोहिदास आणि मी.

मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक उंच, सावळा मुलगा बसला होता. त्याने मला पाण्याची टाकी कुठे आहे ते दाखवलं आणि फॅन नीट लागावा म्हणून सरकून जागा दिली. आम्हा दोघांनाही खऱ्या वर्गासमोर एकाच विषयावर तास घ्यायचा होता, खेकडा. खाडीतल्या खेकड्यांवर बोलायला त्याच्याहून लायक माणूस शोधूनही सापडला नसता. लहानपणापासून बिळांत हात घालून वाढलेला मुलगा तो. सरांनी आधीच प्राचार्यांना सांगितलं होतं की हा माझा पुतण्या आहे, मला निवडीतून वगळा. प्राचार्य म्हणाले, विषयाचे तुम्हीच एकटे आहात, तुम्ही फक्त दोन्ही तास बघा आणि शेवटी बोला.

दोन्ही तास झाल्यावर आत काय झालं ते मला पुढे प्राचार्यांनीच सांगितलं. निवड समितीतली मंडळी रोहिदासकडे झुकलेली होती. स्थानिक मुलगा, विषय तोंडपाठ. शेवटी त्यांनी सरांकडे पाहिलं. रोहिदासच्या तासाला एका मुलीने विचारलं होतं, खेकडा हा मासाच ना? रोहिदास तिला म्हणाला होता, एवढंही माहीत नसेल तर घरी बसा.

सर म्हणाले, "रोहिदासला जास्त माहीत आहे. पण त्या मुलीने नंतर हात वर केला नाही. दुसऱ्या बाईंचा तास संपला तेव्हा मुलांचे हात वरच होते. मी पाहिलं ते हे."

मला नोकरी लागली.

मी रुजू होऊन थोडेच दिवस झाले असतील. दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही तिघं-चौघं होतो. दारात एक बाई येऊन उभी राहिली. काष्ट्याचं लुगडं, कपाळ रुंद, पायांत काही नाही. सर उभे राहिले. त्यांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"माझा पोर नापास नाय झाला," ती म्हणाली. "तू त्याला नापास केलास."

"वयनी, त्याला शिकवायला नाय जमत अजून."

"तुला जमत होता? तुला शालेत घातला तवा तू काय शिकून आलेलास? मी कुनाला इचारला नाय, याला जमेल का म्हणून."

तिने आमच्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. तिला बहुधा माझ्यापर्यंत यायचं होतं, कारण माझ्यावर नजर येऊन ती थोडी थांबली. मग सरांना म्हणाली, माझ्याशी बोलू नको. आणि गेली.

त्या दिवशी मला कळलं की मी कुणाच्या खुर्चीवर बसले आहे. दुसऱ्या दिवशी मी सरांना भेटून म्हटलं, मी राजीनामा देते. ते प्रयोगशाळेत भिंगं पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, तुम्ही सोडलीत तर मी त्या खोलीत बोललो ते खोटं ठरेल. ते खरं ठेवणं आता तुमच्या हातात आहे. एवढंच. त्यानंतर हा विषय आमच्यात कित्येक वर्षं निघाला नाही. मी मात्र रोज वर्गात जाताना ते वाक्य घेऊन जात होते, आणि एखाद्या मुलाचा खुळा प्रश्न आला की उत्तर देण्याआधी क्षणभर थांबत होते.

वहिनीने शब्द पाळला. ती सरांशी बोलली नाही. रोहिदासने काकाचं घर सोडलं आणि कामोठ्यात एका पेस्ट कंट्रोलवाल्याकडे नोकरी धरली. झुरळं, वाळवी, उंदीर. त्याचं शिक्षण पाहता हे ऐकणाऱ्याला चटका बसे. पुढे त्याने स्वतःचा धंदा काढला, दोन गाड्या घेतल्या, माणसं ठेवली. चांगलं चाललं. काकाकडे तो आला नाही.

सर दर गणपतीत गावी जात राहिले. वहिनीच्या ओटीवर इतर पाहुण्यांबरोबर बसत, आरती करत, उठून येत. ती घरातून बाहेर येई, सगळ्यांची विचारपूस करी, सरांपाशी आली की पुढच्या माणसाकडे वळे. शांताबाई एकदा मला म्हणाल्या, अहो, मी ह्यांना सांगते, नका जाऊ, अपमान कशाला करून घेता? तर म्हणतात, तिनं बोलू नको म्हटलं आहे, येऊ नको म्हटलेलं नाही.

मग विमानतळाच्या जमिनीत ते गावही गेलं आणि घरांना करंजाड्याच्या बाजूला जागा मिळाल्या. वहिनीच्या घराचं सामान हलवायचं होतं तेव्हा सर रजा टाकून गेले. मी आणि शांताबाईही गेलो होतो. टेम्पो दारात उभा होता. सरांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि सगळ्यांत जड असलेला पाटा उचलून टेम्पोत ठेवला. वहिनी बाहेर आली. तिने टेम्पोवाल्याच्या माणसांना सांगून तो पाटा खाली उतरवला आणि पुन्हा त्यांच्याकडूनच वर चढवला. सर बाजूला होऊन पाहत होते. आजूबाजूला शेजारीपाजारी उभे होते, त्यांचीही घरं निघाली होती, कुणी कुणाकडे फारसं पाहण्याच्या स्थितीत नव्हतं. पण हे सगळ्यांनी पाहिलं. सर दिवसभर तिथेच राहिले. इतरांचं सामान चढवू लागले. रिकाम्या घरांच्या भिंतींना हात लावत एक म्हातारा फिरत होता. त्याला सरांनी धरून टेम्पोत बसवलं. परतताना गाडीत ते मला म्हणाले, चिचुंदरीला दुसरीकडे नेऊन सोडलं तर ती कितीतरी वेळ भिंतीच्या कडेकडेने नुसती फिरत राहते, मॅडम. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

सर निवृत्त व्हायला वर्ष-दीड वर्ष उरलं असताना कॉलेजच्या तपासणीसाठी समिती येणार होती. रंगरंगोटी सुरू झाली. नवे प्राचार्य आले होते. त्यांनी कोठीतल्या उंदरांसाठी पेस्ट कंट्रोलला बोलावलं. संध्याकाळी माणसं आली, गोंदाचे पुठ्ठे ठिकठिकाणी लावून गेली. कोण माणसं, कुणाचा धंदा, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

सकाळी कोठी उघडली तर एका पुठ्ठ्यावर उंदीर नव्हता. चिचुंदरी होती आणि तिची पिल्लं. चिचुंदरीची पिल्लं आईमागे आगगाडीसारखी चालतात, प्रत्येकाने पुढच्याच्या शेपटीपाशी दातांनी धरलेलं असतं. ती ओळ तशीच्या तशी गोंदात गेली होती. आई पुढे अडकली, मागच्यांनी सोडलं नाही. बारीक, धातूच्या तारेसारखे आवाज येत होते.

सरांनी प्रयोगशाळेतून मेणकापड आणलं, मला कँटीनमधून तेल आणायला पाठवलं. जमिनीवर मांडी घालून बसले आणि कापसाचे बोळे तेलात बुडवून एकेक पाय सोडवू लागले. गोंद तेलाने सुटतो पण फार सावकाश, आणि जीव तेवढा वेळ घाबरून धडपडत असतो. मुलं जमली. प्राचार्यांचा निरोप आला की समितीच्या सादरीकरणाची तयारी पाहायला या. सर म्हणाले, प्रॅक्टिकल चालू आहे म्हणून सांगा.

पुठ्ठे गोळा करायला पेस्ट कंट्रोलची गाडी आली. दारात मुलांच्या मागे कुणीतरी उंच येऊन उभं राहिलं. मी वर पाहिलं आणि ओळखलं. रोहिदासच्या कपाळावरचे केस विरळ झाले होते. छातीवर त्याच्याच धंद्याचं नाव शिवलेलं होतं. एक पिल्लू त्यांच्या तळहातावर होतं आणि बोळ्यातून तेल गळत होतं.

"काका," रोहिदास म्हणाला, "तेल जास्त होतंय. त्याच्या नाकात जाईल."

सरांनी वर न पाहता हात पुढे केला. रोहिदास खाली बसला, ते पिल्लू त्याने आपल्या हातात घेतलं आणि कापसाची वात करून तिच्या टोकाने एकेक बोट सुटं करायला लागला. दोघं शेजारी शेजारी बसून काम करत होते. आई वाचली नाही. सुटली, पण सरांच्या ओंजळीत थोडा वेळ धापा टाकून थांबली. पिल्लांतली काही जिवंत होती.

गर्दीतल्या एका मुलीने विचारलं, सर, ही आंधळी असते ना, मग पुढे बघून का नाही गेली? ज्याला आम्ही खुळा म्हणू असा प्रश्न. मी सरांकडे पाहिलं. सरांनी मान खालीच ठेवली. रोहिदासने तिला जवळ बोलावलं. पिल्लाचा मोहरीएवढा डोळा दाखवला. म्हणाला, आंधळी नाही, पण दिसतं कमी. हे नाक बघ, कसं हलतंय, ती नाकाने बघते. मग म्हणाला, तुझा प्रश्न बरोबर आहे. भिंतीकडेने चालायची तिची सवय, आणि आम्ही पुठ्ठा नेमका भिंतीकडेला लावतो. तिने बघितलं नाही असं नाही, आम्ही तिची जायची वाट हेरून लावला. त्या मुलीने आणखी विचारलं. दुसऱ्याने विचारलं. रोहिदास तेलाने माखलेल्या हातांनी सांगत राहिला. कोठीच्या त्या कोंदट खोलीत कितीतरी वेळ एक तास चालला होता.

वाचलेली पिल्लं खोक्यात घालून रोहिदासच घेऊन गेला. सर हात धुवायला बेसिनपाशी गेले. साबण लावून लावून हात धूत राहिले. मी नळ बंद केला. तेव्हा ते म्हणाले, आज तो माझ्यापेक्षा चांगला शिकवून गेला.

मी धीर करून विचारलं, "मग तेव्हाचं, सर? चुकलं का?"

"तेव्हा जे पाहिलं ते सांगितलं. आज हे पाहिलं. हेही सांगायला हवं. जिला सांगायला हवं तिला."

संध्याकाळी ते करंजाड्याला गेले. हे मला त्यांनीच पुढे सांगितलं, आणि जेव्हा जेव्हा सांगितलं तेव्हा एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. दार वहिनीने उघडलं. ती तशीच वळून आत जायला लागली. सर दारातूनच म्हणाले, वयनी, रोहिदासला शिकवायला येतं. मी आज पाहिला. ती थांबली. त्यांच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "एवढी वर्सं लागली तुला बगायला?" आणि मग वळली आणि बोलायला लागली. मिठाच्या पाट्यांपासून सुरुवात केली. टेम्पोतल्या पाट्यापर्यंत आली. तू मास्तर झालास पन मानूस झाला नाय, म्हणाली. मी पोराला बाप कुटून आनू, तू व्हतास ना, म्हणाली. शेजारी दारं उघडून पाहत होते. सर चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभे राहून ऐकत होते. शेवटी ती दमली. घरात कोपऱ्यात खोक्यात ती पिल्लं होती. तिने तिकडे बोट केलं. म्हणाली, आनि ही घान कुनी आनली घरात, तुज्याच नादाचा तो, घे बगून.

सर आत गेले.

तिने त्यांना कधी माफ केलं असं मला वाटत नाही. तो शब्द तिच्याकडे नव्हताच. पण त्या दिवसापासून ती त्यांच्याशी भांडायला लागली, आणि ते भांडण पुढे थांबलं नाही. पिल्लांना गांडुळं आणि बारीक केलेला मासा भरवायच्या निमित्ताने सर एक दिवसाआड जाऊ लागले. पिल्लं मोठी होऊन इमारतीमागच्या कुंपणात सुटली, तरी जाणं थांबलं नाही. रोहिदासने गोंदाचे पुठ्ठे बंद केले, पिंजरे लावू लागला. धंदा मात्र सोडला नाही. सरांनीही त्याला तसं कधी सुचवलं नाही. शनिवारी वेळ मिळाला की तो आमच्या मुलांना खाडीवर घेऊन जाई, पगाराशिवाय. प्राचार्यांनी एकदा त्याला तासिका तत्त्वावर या म्हटलं. तो हसून म्हणाला, माझ्या माणसांचे पगार कोण देणार?

निवृत्तीच्या समारंभात एका माजी विद्यार्थ्याने भाषण केलं. म्हणाला, सर म्हणजे आमचे दयाळ, त्यांच्या गाण्याने आमच्या पहाटा झाल्या. टाळ्या पडल्या. सर उत्तराला उभे राहिले. म्हणाले, हे विधान तपासून पाहायला हवं. मी दयाळासारखं गात नाही, त्याच्याइतकं लवकर उठतही नाही. मग थोडं थांबून म्हणाले, मी एका बाईच्या डोक्यावरच्या पाटीतून इथवर आलो, ती समोर बसली आहे, तिच्याशी माझी तुलना होणार नाही, कारण तेवढी उंच खुर्ची मला मांडता येत नाही. वहिनी पहिल्या रांगेत होती. तिने शेजारी बसलेल्या शांताबाईंना मोठ्याने विचारलं, काय बोलला तो?

सर गेल्या पावसाळ्यात गेले. झोपेतच, कुणाला काही करायची संधी न देता. मी तेव्हा साताऱ्याला आईच्या आजारपणात अडकले होते, पोचू शकले नाही. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्याच्या महिनाभर आधीचं.

रोहिदासला खाडीच्या सहलीबद्दल विचारायचं होतं म्हणून मी करंजाड्याला त्याच्या घरी गेले होते. इतक्या वर्षांत त्या घराचा उंबरा मी ओलांडला नव्हता. रोहिदास बाहेर गेला होता. दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघराच्या दाराशी वर्तमानपत्र पसरून सर जमिनीवर बसले होते आणि करंदी, खाडीतली बारीक कोळंबी, सोलत होते. चष्मा नाकावर घसरलेला. वहिनी पाटावर बसून त्यांच्यावर देखरेख करत होती. करंदी शिळी आणलीस, तिला अर्ध्यावरच तोडतोस, एवढा शिकून उपेग काय, असं बरंच चाललं होतं. सर मान हलवत होते आणि सोलत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी नाव देणार नाही, ते त्यांना आवडलं नसतं. ते तसे बसले होते, एवढंच मी पाहिलं.

मला पाहून सर म्हणाले, "या मॅडम. रोहिदास येईलच. जेवून जाणार ना?"

वहिनीने मान वळवली. स्टाफरूमच्या दारातून माझ्यावर थांबली होती तीच नजर, फक्त आता बुबुळांवर पांढरी साय धरलेली. मी चपला काढायच्या का नाही ते न कळून दारातच उभी होते.

"तिला काय इचारतोस," ती सरांना म्हणाली. "उट, हात धू. पान घाल तिला."

सर गुडघ्यावर हात टेकून उठले आणि ताट आणायला आत गेले.